तुझी थ्री फेज चारला यायची

त्रिशला, कापड कापायच्या टेबलासमोर चिकटवलेला वेळापत्रकाचा कागद मी अजून काढलेला नाही. तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारी माणसं दुकानातूनच घरात येतात, आणि जाता जाता कुणीतरी तो कागद वाचून म्हणतं, "काय शिस्तीच्या गं तुम्ही दोघी जावा." मी मान हलवते आणि पाणी आणायला आत जाते. काय सांगू त्यांना? ह्याच कागदाकडं मी बोट केलं आणि माझी धाकटी जाऊ गाडी काढून गेली, हे सांगू?

सगळे म्हणतात धुकं होतं. व्हय, होतं की धुकं. ऐन थंडीत भल्या सकाळी कबनूरच्या रस्त्याला धुकं नसणार तर काय असणार? सगळे म्हणतात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी होती. तीही होती. भरतभाऊजी त्या ट्रॅक्टरवाल्याला उठता-बसता शिव्या घालत होते, "त्यानंच मारली माझ्या बायकोला" म्हणत होते. तो माणूस पोलिसांपुढं रडत एकच सांगत होता, "बाईंनी ब्रेकच मारला न्हाय ओ. सरळ आल्या." भाऊजींना ते खोटं वाटायचं. मला ते खरं वाटतं. आणि खरं का वाटतं ते ह्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. म्हणून मला जेवण जात नाही, म्हणून मंदिरात उभी राहिले तरी हात जोडले जात नाहीत. तेवढं एक सांग मला. तुझा डोळा लागला होता का गं?

तू सांगणार नाहीस. जिवंतपणीसुद्धा तू भांडणात आधी गप्प बसायचीस, आणि मग चार वाजता, सगळं थंड झाल्यावर, बरोबर नेमकं एक वाक्य बोलायचीस. त्या एका वाक्यापुढं माझी सकाळपासूनची बडबड पालथी पडायची. मी एकवीस दिवस रोज चार वाजता तुझ्या त्या वाक्याची वाट बघते आहे. एवढी का वाट बघायला लावतीस?

तू जयसिंगपूरहून लग्न होऊन ह्या घरात आलीस त्याला चौदा वर्षं झाली. आपलं जैनाचं घर, सूर्यावर चालणारं. तो उगवायच्या आत अंघोळ, मग मंदिर, मग चूल. आणि तो मावळायच्या आत अंथऊ. दिवसातलं शेवटचं जेवण पोटात गेलं की भांडी पालथी. मला त्यात काही जड गेलं नाही. मी मुळातलीच पहाटेची. पाचला डोळा उघडतो आणि पायाला जशी चाकं लागतात. संध्याकाळी सहा वाजता मात्र माझं डोकं म्हणजे भिजलेलं पोतं. तुझं सगळं ह्याच्या उलटं निघालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू साडेआठला बाहेर आलीस, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला, आणि सासऱ्यांच्या चहात मीठ घातलंस. सासूबाई म्हणाल्या, "जयसिंगपुरात दिवस उशिरा उगवतोय वाटतं." मी पटकन म्हटलं, "डोकं दुखतंय तिचं, अव्वा."

पुढं वर्षभर तुझं डोकं मीच दुखवत होते. इतकं की अव्वा तुला मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणायला लागल्या. तेव्हा तू स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसलीस, आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही पोरगी माझी आहे.

मग एक दिवस चार वाजता तू माझ्या टेबलापाशी आलीस. तेव्हा बाहेरच्या खोलीत माझं एकटीचं शिवणकाम चालायचं. एक मशीन, एक टेबल, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज. तू शिवणक्लास केलेला आहेस हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू टेप न लावता माझ्या पाठीकडं नुसतं बघितलंस, खडूनं चार रेघा ओढल्यास आणि कात्री चालवलीस. एकदाही थांबली नाहीस. मी बघतच राहिले. सकाळी चुलीपुढं पेंगणारी ती बाई कुठं गेली आणि ही कोण आली? तो ब्लाउज माझ्याकडं अजून आहे. काखेत एक चुणी पडत नाही त्याला.

"मग सकाळी काय होतंय गं तुला?" मी विचारलं.

तू म्हणालीस, "अक्का, आमच्या आप्पांच्या मळ्यात बघ. सिंगल फेज असली की घरात बल्ब लागतोय, पण विहिरीवरची मोटार चालत न्हाय. तिला थ्री फेज यावी लागती. म्हणून आप्पा काय मोटारीला शिव्या घालत बसत्यात व्हय? लाईटीची वेळ बघत्यात आणि तेव्हा उसाला पाणी पाजत्यात. माझी सकाळी सिंगल फेज असती. थ्री फेज चारला येती. आठपर्यंत टिकती. तेवढ्यात काय पाजायचं ते पाजून घ्यायचं."

"आणि माझी?"

"तुझी पहाटे पाचला. तुझं फीडरच येगळं."

मी हसून लोटपोट झाले. पण त्याच दिवशी आपण दोघींनी ठरवलं. अव्वांना न सांगता, कुठंही न लिहिता. पाच ते दहा कात्री माझी. सकाळी तू डोकं न लागणारी कामं करायची, हुक लावायचे, काजं करायची, फॉल लावायचे, भाजी निवडायची. चार वाजले की कात्री तुझी, आणि अंथऊचा स्वयंपाक मी एकटीनं. भाकऱ्या काय, मी झोपेतसुद्धा थापीन. अव्वांना सांगितलं, तिचा हात भाकरीला बसत नाही. अव्वांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तुझ्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "बसला न्हाय तर न्हाय. ब्लाउजला बसलाय न्हवं?" म्हातारी सगळं ओळखून होती.

बारा वर्षं चाललं गं ते. एका मशीनची चार झाली. बाहेरची खोली दुकान झाली. लोक म्हणायचे जावा-जावांचं पटतं कसं, आणि आपण म्हणायचो, भेटच होत नाही आमची, एकीची लाईट आली की दुसरीची जाते. त्या बारा वर्षांत मी एकदाच नियम मोडला होता, आठवतं? तू माहेरी गेली होतीस, आणि मला वाटलं, हॅ, काय त्यात, मी काय संध्याकाळी कापू शकत नाही होय? दिवेलागणीला बसले आणि एका बाईचा पुढचा गळा मागच्याएवढा खोल कापून ठेवला.  दुसऱ्या दिवशी तू आलीस, कापड हातात घेतलंस, एक शब्द बोलली नाहीस. चार वाजता बसून आतून काठाची पट्टी लावलीस, तिला चुण्या दिल्यास आणि त्या बाईला ठणकावून सांगितलंस, "नवीन फॅशन हाय, वैनी. घालून तर बघा." ती बाई खूष. पुढच्या आठवड्यात तिच्या दोन बहिणी आल्या, आम्हालाही तसाच गळा पाहिजे म्हणून. मला तू नंतर एवढंच म्हणालीस, "अक्का, दिवस कलला की कात्रीला हात लावत जाऊ नको की. लाईट गेलेली असती तुझी."

माझी चूक तू अशी झाकलीस. तुझी चूक मी कशी उघडी केली ते आता लिहायचं आहे, आणि माझा हात पुढं जात नाही.

खरं सांगू? मला तुझा मत्सर वाटायला लागला होता. तुला हे कधीच सांगितलं नाही. गिऱ्हाईक येतं केव्हा? संध्याकाळी, ऑफिसं सुटल्यावर, भाजी घेता घेता. तेव्हा टेबलाशी तू असायचीस, तरतरीत, हसून बोलणारी, एका झटक्यात कापणारी. आणि मी आत भाकऱ्या थापत, घामानं निथळत. बायका म्हणायच्या, "कटिंग त्रिशलाताईंनाच करू दे हं." अगं, निम्मे कापलेले गठ्ठे माझ्या हातचे असायचे! पण मी कापत होते तेव्हा ह्या सगळ्या बायका घोरत पडलेल्या होत्या. माझी मेहनत बघायला जागं कोण होतं? देव आणि दूधवाला. मला वाटायचं, ही आठला उठते आणि नाव हिचं. तू कधी मिरवलं नाहीस. पण मत्सराला कारण लागतं का?

दोन वर्षांपूर्वी अव्वा गेल्या, आणि मला कळलंही नाही कधी मीच अव्वा झाले. त्या निदान ओळखून होत्या, मला तेही उरलं नाही. त्यात बचत गटाच्या मेळाव्याला पुण्याचे ते साहेब आले. कोट, गळ्याला माईक. म्हणाले, जगात जेवढी म्हणून मोठी माणसं झाली ती सगळी पहाटे उठणारी. मी टाळ्या वाजवून हात लाल केले. माझ्याच आयुष्यावर कुणीतरी शिक्का मारल्यासारखं वाटलं मला. तू शेजारी जांभया दाबत बसली होतीस. कानात म्हणालीस, "आणि रातपाळीच्या नर्सा, अक्का? गुरखे? ती काय बारकी माणसं व्हय?" मी तुझ्याकडं डोळे वटारून बघितलं. 

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वेळापत्रक लिहिलं. पट्टीनं रेघा मारून, लाल शाईनं. सहा ते आठ कटिंग, दोघींनी. बाहेरची सगळी कामं नऊच्या आत. चारनंतर गिऱ्हाईक आणि स्वयंपाक, आळीपाळीनं. मंगळवारी सकाळी सहा, कबनूरहून अस्तराचं कापड आणणे, त्रिशला. कारण मला गाडी येत नाही. तुला वाचून दाखवलं आणि खाली सही करायला लावली, जसं काही तू नोकर होतीस माझी. तू वाद घातला नाहीस. सही केलीस आणि सहीच्या शेजारी एक छोटा बल्ब काढलास. नुसता बल्ब. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालीस, "माझा शिक्का."

दोन महिने तू ते पाळलंस, त्रिशला. मला हे सगळ्यात जास्त टोचतं. तू एकदाही चुकारपणा केला नाहीस. बाराच्या आत तुला झोप लागत नाही हे मला माहीत होतं. तू प्रयत्न केलास, हळदीचं दूध घेतलंस, दहालाच दिवा मालवलास. पण झोप काय पोलिसांनी बोलावल्यासारखी हजर होते? आणि पाचला मी दार वाजवायची. तुझ्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. चार वाजताही तू पूर्वीसारखी उजळेनाशी झालीस. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, होईल सवय. सवयीचा गुलाम असतो माणूस. काय काय म्हणी तोंडात येतात गं आपल्याला, दुसऱ्याच्या अंगावर घालायच्या असल्या की.

मग तो सोमवार. नवरीचा ब्लाउज. लग्नाचं जरीचं कापड, एकाच बाजूला मोठा काठ, जरी एकाच अंगानं. अशा कापडाची एक बाही डावी आणि एक उजवी बघून बघून कापावी लागते, तू हजार वेळा कापलेली. सकाळी साडेसातला तू दोन्ही डाव्या कापल्यास. आणि नेमकी तेव्हाच नवरीची आई दुकानात आली. मी तिच्यासमोर ओरडले, "झोपेत कापलीस काय गं?"

तू म्हणालीस, "व्हय अक्का. झोपेतच कापली. सकाळचं साडेसात वाजल्यात."

"नाचता येईना आणि अंगण वाकडं! चौदा वर्षं तुझ्या ह्या थ्री फेजचे लाड केले. आता बास झालं."

नवरीची आईच मध्ये पडली. तू तिला म्हणालीस, "वैनी, साडीच्या आतल्या टोकाचं दीड वीत कापड काढून देतो मी दुसरी बाही. निऱ्यात खोवलेलं असतंय ते, कुणाला दिसणार न्हाय." संध्याकाळी ती साडी घेऊन आली. तू ती पट्टी काढलीस, जेमतेम एका बाहीची. इस्त्री केलीस, घडी घातलीस. मी कोपऱ्यातून तुसड्यासारखं विचारलं, "काप की मग आता. तुझीच वेळ हाय न्हवं?" तू म्हणालीस, "आज डोक्यात राग हाय. एवढंच कापड हाय. उद्या चारला कापतो." मग तू आत गेलीस, आणि त्या दिवशी आपण दोघी पुन्हा बोललो नाही.

मंगळवारी सकाळी पावणेसहाला मी कणीक मळत होते. तू आलीस. हातात गाडीची किल्ली, डोक्याला स्कार्फ. तोंडावर पाणी मारलेलं, ते पुसलंसुद्धा नव्हतंस. म्हणालीस, "अक्का, चारला जाऊ काय आज? कबनूरचा माणूस संध्याकाळी सातपर्यंत असतोय. डोळं उघडत न्हाईत गं."

मी बोलले नाही. अबोला होता ना माझा! परात सोडून उठले, दुकानात आले आणि वेळापत्रकावर बोट ठेवलं. सहा, ह्या आकड्यावर. पिठाचं बोट. त्याचा डाग वाळून तसाच आहे त्या कागदावर. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणाला तो दिसत नाही, मला त्या भिंतीवर दुसरं काही दिसत नाही.

तू म्हणालीस, "बरं."

आणि गेलीस. चौदा वर्षांचं शेवटचं बोलणं हे. माझं तर तेवढंही नाही. माझं नुसतं बोट.

तेव्हापासून रोज ठरवते, भाऊजींना सांगायचं. रोज संध्याकाळी त्यांच्यापुढं ताट ठेवते आणि तोंड उघडते, आणि भाकरी वाढू काय एवढंच विचारते. तू म्हणाली होतीस तेच खरं, दिवस कलला की माझ्यात काहीच उरत नाही. धीरसुद्धा नाही उरत. ह्यांनासुद्धा, माझ्या नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नाही. पण आज भाऊजी त्या ट्रॅक्टरवाल्याविरुद्ध जबाब द्यायला जाणार होते. त्यानंच मारलं, असं लिहून देणार होते. त्या माणसालाही बायकापोरं असतील, त्रिशला. आणि तो खरं बोलत असेल तर?

म्हणून आज पहाटे पाचला उठले. माझ्या वेळेला. भाऊजी दुकानात तुझ्या स्टुलावर बसलेले होते, कारखान्याची पाळी नसली तरी आता त्यांना झोप कुठली. मी त्यांच्यापुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तू चारला जाऊ का विचारलंस ते. डोळे उघडत नाहीत म्हणालीस ते. मी बोट ठेवलं ते. डाग दाखवला. म्हटलं, "भाऊजी, ट्रॅक्टरवाल्याला सोडा. मला काय ते बोला."

मला वाटलं ते हात उगारतील. उगारावा असं वाटत होतं. ते त्या डागाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अक्का, तिनं तुला विचारायच्या आधी मला विचारलं हुतं."

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"मी हातरुणातच हुतो. मला हलवून म्हणाली, तुम्ही तेवढं सांगा की अक्काला, मी चारला जातो म्हणून, तुमचं ऐकंल ती. मी काय म्हणालो ठाऊक हाय? मी दर आठवड्याला पाळी बदलतोय. कधी सकाळ, कधी रात्र. मला काय झालंय काय? एक दिवसानं मरत न्हाईस. जा. असं म्हणालो आणि कूस बदलली."

मग तो सहा फुटी माणूस तुझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला. ट्रॅक्टरवाल्याला एवढ्या शिव्या का घालत होते ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. कोणत्या तोंडानं ठेवू? एका घरात तू दोन माणसांकडं गेलीस, एवढंसंच मागायला. सकाळऐवजी चार. सुट्टी नको होती तुला, काम चुकवायचं नव्हतं. तेच काम, तोच रस्ता, तीच गाडी, फक्त चारला. तेवढं आम्हाला दोघांना देता आलं नाही.

भाऊजी दुपारी जाऊन आले. म्हणाले, "धुकं हुतं म्हणून सांगितलं. ट्रॉली उभी हुती म्हणून सांगितलं. मारलं म्हणून न्हाय सांगितलं." आणि पुन्हा तुझ्या स्टुलावर बसले.

माझं मन हलकं होईल असं वाटलं होतं. नाही झालं. उलट आता दोघं आहोत, एकमेकांकडं न बघणारी.

नवरीची आई परवाच येऊन गेली होती. म्हणाली, "राहू दे ओ ते, आम्ही दुसरा काहीतरी घालू तिला." मीच हट्टानं पट्टी ठेवून घेतली. म्हटलं, त्रिशला कापणार होती, मी कापून देते. आज चार वाजले तशी ती घडी उघडली. तुझी इस्त्री अजून मोडली नव्हती. मला ठाऊक होतं, मी ही पहाटे कापायला पाहिजे. माझ्या वेळेला, माझ्या हातानं. एवढं शिकवून गेलीस तू, एवढं तरी मला कळायला नको? पण मला वाटलं, तुझ्या वेळेला धरली कात्री तर तुझा हात येईल माझ्या हातात. वेडी आशा गं. दुसरं काय उरलंय माझ्याजवळ? खडूनं रेघ मारली. डोकं जड झालेलं, डोळ्यांपुढं सगळं पाण्यातनं बघितल्यासारखं. भाऊजी पलीकडून बघत होते. कापली.

मग आधीच्या बाहीवर ठेवून बघितली.

डावी. पुन्हा डावीच.

मी सवयीनं मान वर केली, तुझ्या बाजूला. आता तू हातातून कापड काढून घेशील, ओठ दाबून हसशील, काहीतरी जोड लावशील आणि त्या बाईला ठणकावून सांगशील, नवीन फॅशन हाय वैनी. तिथं भाऊजी होते. म्हणाले, "काय झालं, अक्का?" त्यांना डावी-उजवी कुठली कळायला.

टेबलावर तीन बाह्या आहेत, तिन्ही डाव्या. कापड संपलं. चार कधीच वाजून गेलेत, त्रिशला. तुझी वेळ झालीय. आता कुणी तुला सकाळी उठवणार नाही, आठला ऊठ, दहाला ऊठ, मी अव्वांना सांगते डोकं दुखतंय म्हणून. तेवढी एक उजवी बाही कापून दे.

ये की गं.